दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेलं वजन

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

माझा मुलगा चौदा वर्षांचा, नववीत आहे. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. लहानपणी गुटगुटीत होता तेव्हा सगळे कौतुक करायचे, पण गेल्या दोन वर्षांत फार वाढला. शाळेच्या गणवेशाची पँट तयार मापात मिळत नाही. यंदा दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, "छत्तीस कंबर? मग बाबांच्या मापाची बघा." तेव्हापासून तो माझ्याबरोबर बाजारात येत नाही. वर्षभर मी त्याचं डाएट सांभाळतेय. भात बंद, तूप बंद, बटाटा बंद, रात्री फक्त सूप आणि सॅलड. दर रविवारी सकाळी हॉलमध्ये वजन करून कॅलेंडरवर लिहिते. तीन किलो उतरले, नंतर सहा चढले. धाकटी मुलगी काहीही खाते, तिच्या अंगाला लागत नाही. त्याची सकाळी सातची शाळा, संध्याकाळी पाच ते आठ क्लास, आणि रात्री साडेबारापर्यंत मोबाईल. गेल्या महिन्यात कळलं की शाळेचा डबा तो मित्रांना वाटून टाकतो. रात्री मात्र उठून बिस्किटं, फरसाण खातो. गादीखाली रिकामी पाकिटं सापडली. सुटीच्या दिवशी दुपारी गच्चीवर रेनकोट घालून पळतो. विचारलं तर बोलत नाही. मानेवर काळा थर आलाय, सासूबाई तो बेसन-लिंबू लावून घासतात. त्या म्हणतात, उंची वाढली की झडेल, पोराला उपाशी ठेवू नका. यजमान म्हणतात, जिभेवर ताबा नाही, जिममध्ये घाला. जिमवाल्यानं प्रोटीन पावडर आणि फॅट बर्नर सांगितलाय. यजमानांना दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी चालू आहे, म्हणून भीती वाटते. मैत्रीण म्हणते, आता वजनाची इंजेक्शनं निघालीत. मी कठोर व्हायला कमी पडते का?

उत्तर

ताई,

आधी तातडीचं सांगते, मग बाकीचं. तो रेनकोट आजच बंद व्हायला हवा. घाम अंगावरून उडतो तेव्हा शरीर थंड होतं. रेनकोटात त्याला उडायला जागाच नसते, त्यामुळे अंगातली उष्णता वाढत जाते आणि दुपारच्या उन्हात चक्करच काय, उष्माघातही होऊ शकतो. पळून आल्यावर काटा अर्धा-पाऊण किलो कमी दाखवतो ते निव्वळ पाणी असतं. तांब्याभर पाणी प्यायला की ते परत येतं. त्याला हे सगळं समजावून सांगा, पण रागावू नका. चौदा वर्षांचा मुलगा कुणी न सांगता भर दुपारी एकटा गच्चीवर जाऊन पळतो, तेव्हा त्याच्या मनाला हे किती लागलं असेल! तुम्ही विचारलंत, मी कठोर व्हायला कमी पडते का. ताई, त्याच्याशी सगळ्यात कठोर तोच वागतोय. त्यात आणखी कुणी भर घालायला नको.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ अडकले ती कॅलेंडरपाशी. ते मला डोळ्यांसमोर दिसलं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, संकष्टी, कुणाचा तरी साखरपुडा, आणि दर रविवारच्या चौकटीत मुलाचं वजन. घरी आलेला माणूस पाणी पिता पिता ते वाचतो. कामाच्या मावशी वाचतात, धाकटीच्या मैत्रिणी वाचतात. नोंद राहावी एवढाच तुमचा हेतू होता, हे मला कळतं. पण ज्या रविवारी आकडा वाढलेला असतो त्या रविवारचा नाश्ता घरात कसा होतो, ते आठवून बघा. आणि शनिवारी रात्री तो धड जेवतो का, तेही आठवा. माझी अटकळ अशी की जेवत नसावा.

माझ्याकडे वजनाच्या सल्ल्यासाठी आठवीतला एक मुलगा यायचा. आई खोलीत असेपर्यंत तो काट्यावर पाय ठेवत नसे. एकदा आई फोन घ्यायला बाहेर गेली, तेव्हा पटकन चढला, आकडा बघितला आणि मला विचारलं, "हे आईला सांगावंच लागतं का?" त्या दिवसापासून मी माझ्या खोलीतला काटा पडद्यामागे नेला.

तुम्हीही तुमचा हॉलमधला काटा उचला. वजन मोजायचंच नाही असं मी म्हणत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे, दार लावून मोजलं तरी पुरतं. कॅलेंडरची ती पानं तो बघत असताना काढलीत, तर फार बोलावंही लागणार नाही.

आता डबा आणि रात्रीचं खाणं. पत्रात या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, मला मात्र त्यांत एकच गोष्ट दिसते. त्याचा दिवस मोजून बघा. पहाटे उठून कपभर दूध. डबा वाटून टाकलेला. दुपारी घरी आल्यावर भाताशिवाय, बटाट्याशिवाय जेवण. पाच ते आठ क्लास. रात्री नऊला सूप आणि काकडी. आणि हा मुलगा वयात येतोय. माणसाच्या मोठेपणीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या चार-पाच वर्षांत अंगावर चढतो, हाडंही याच काळात भरतात. एवढं काम चाललेलं शरीर दिवसभर मागत राहतं आणि घर झोपल्यावर सगळं वसूल करतं. त्या वेळी हाताशी असतात बिस्किटं आणि फरसाण. सकाळी त्याला स्वतःची लाज वाटते, मग तो पुन्हा डबा वाटून टाकतो, आणि रात्री पुन्हा डबे धुंडाळतो.

यात जिभेचा दोष शोधू नका. दिवसभर असं उपाशी ठेवलं तर तुमचं-माझंही रात्री हेच होईल.

तीन उतरले आणि सहा चढले, हा अनुभवही तुमच्या एकट्या घरचा नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळकरी मुलामुलींचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी डाएट केलं होतं त्यांचं वजन पाच वर्षांनी, न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं निघालं. एका बैठकीत भसाभसा खाण्याचे प्रकारही त्यांच्यात जास्त होते. पुढे २०१६ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं आपल्या डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं की किशोरवयीनांना डाएटच्या मागे लावू नका, घरात वजनावरून बोलणं आणि चिडवणं थांबवायला सांगा, आणि घरच्यांनी एकत्र जेवावं यावर भर द्या. मी हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुम्ही वर्षभर जे केलंत ते आपल्याकडे प्रत्येक काळजी करणारी आई करते, कारण तिला दुसरं कुणी काही सांगितलेलंच नसतं.

जाता जाता एक सांगते. दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली आहे, आणि कुणी ना कुणी ती तुम्हालाही सुचवेल. ती मोठ्या माणसांची आहे. नववीतल्या मुलाला तिच्यात ओढू नका.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. त्याची उंची अजून वाढायची आहे. समजा तो ८२ किलोवरच राहिला आणि उंची १७२ पर्यंत गेली, तर त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, आज ३१ च्या आसपास आहे तो २८ च्या खाली येईल. एकही किलो न उतरवता! म्हणून या वयाच्या बऱ्याच मुलांसाठी आम्ही पहिलं ध्येय धरतो ते वजन आहे तिथे थांबवण्याचं. "दहा किलो उतरव" यापेक्षा ते पोराला पेलण्यासारखं असतं.

उरलेलं निम्मं मात्र चूक आहे. आपोआप झडेल म्हणून बसून राहता येणार नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी ५ ते १८ वयाचे वाढीचे तक्ते काढले. त्यांत तुमचा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर आहे. घरच्या घरी बघायची खूण याहून सोपी आहे. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. त्याची कंबर छत्तीस इंच म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर, आणि उंचीचा निम्मा होतो साडेएक्याऐंशी.

पोटावरची ही चरबी आपल्या लोकांना जास्त नडते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार साध्या रीतीनं दाखवलं. त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून शिडशिडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी लपलेली असू शकते. ताई, हा फोटो मी तुमच्या धाकटीसाठीही सांगतेय. तिच्या अंगाला लागत नाही म्हणजे ती काहीही खायला मोकळी, असं समजू नका. वडिलांना मधुमेह आहे, आणि वडील तर तिचेही तेच.

मान घासणं थांबवा. तो मळ नाही. मळ असता तर आजींच्या हातून एव्हाना निघाला असता. मानेवर, काखेत मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा येते तिला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. अंगातलं इन्सुलिन पुरेसं काम करेनासं होतं, म्हणून शरीर ते जास्त बनवू लागतं, आणि त्या जादा इन्सुलिनचा त्वचेवर असा परिणाम होतो. घासून कातडी सोलवटेल, रंग जाणार नाही. खाणं, हालचाल आणि झोप सुधारली की तो हळूहळू फिका पडतो. आजींना हे तुम्ही नीट सांगा. नातवाला अंघोळीच्या वेळी "किती रे घाणेरडा राहतोस" असं कुणी म्हणत असेल, तर ते त्याच दिवशी थांबेल.

या मानेमुळे आणि वडिलांच्या मधुमेहामुळे त्याची तपासणी लांबवू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, रक्तातल्या चरबीचं प्रमाण आणि यकृतासाठी एसजीपीटी, एवढं ते बघतीलच. थायरॉइडचं सगळेच विचारतात. थायरॉइड कमी असलेल्या मुलांची उंची सहसा खुंटते. तुमच्या मुलाची वाढ चांगली दिसते, तरी तपासायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. कुठेही गेलात तरी डॉक्टरांना एक विनंती आधीच करून ठेवा, की दहा मिनिटं माझ्या मुलाशी एकट्याशी बोला.

आणि एक गोष्ट आई-वडिलांना सहसा कुणी सांगत नाही, ती मी इथे मुद्दाम सांगते. या वयाच्या वजनदार मुलाची मांडी, जांघ किंवा गुडघा दुखू लागला आणि तो लंगडतोय असं दिसलं, तर "वजनामुळे दुखतंय, पळलास की थांबेल" असं म्हणू नका. मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यातून सरकायला लागलेलं असू शकतं, आणि दुखतं मात्र गुडघ्यात. त्याला चालवू नका, त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा. तसंच झोपेत जोरानं घोरतो, मध्येच श्वास अडकतो आणि वर्गात पेंगतो, किंवा सारखी तहान आणि सारखी लघवी होतेय, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठा.

आता ताटाकडे येऊ. तुमच्या घरात सध्या दोन ताटं वाढली जातात. आंब्याच्या दिवसांत धाकटीच्या वाटीत आमरस आणि त्याच्या वाटीत काकडी, असंच झालं असणार. मुलगा हे विसरत नाही. त्याच्यासाठी वेगळं काहीही करू नका, जे बदलायचं ते सगळ्या घरासाठी बदला. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या तुमच्या यजमानांना या बदलाची मुलापेक्षा काकणभर जास्तच गरज आहे.

भात परत आणा. वरण-भात, त्यावर चमचाभर साजूक तूप, उसळ, भाजी, पोळी किंवा भाकरी, दही किंवा ताक. हे जेवण वजन वाढवणारं नाही. प्रमाण थोडं हलवायचं. भाजी-उसळीचा वाटा मोठा, भात वाटीनं. सकाळी सातच्या शाळेआधी पोरांना भूक नसते हे खरं, म्हणून दूध आणि एखादं केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू एवढंच द्या, आणि डबा मात्र असा द्या की त्याला तो वाटून टाकावासा वाटणार नाही. डब्यात काय हवं ते त्यालाच विचारा. थालीपीठ-दही म्हणाला तर थालीपीठ. बटाट्याच्या काचऱ्या म्हणाला तर आठवड्यातून एकदा त्याही. माझ्या अनुभवात, चारचौघांत डाएटचा डबा उघडायची लाज हे डबा वाटून टाकण्याचं मोठं कारण असतं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो साडेचारच्या खाण्यानं. क्लासला जायच्या आधी त्याच्या पोटात भक्कम काहीतरी जाऊ द्या. मोड आलेल्या मटकीची भेळ, शेंगदाणे घालून पोहे, धिरडं, उकडलेली अंडी खात असाल तर दोन अंडी आणि पोळी. हे पोटात असलं की क्लासच्या दारातला वडापाव रोज लागत नाही आणि रात्रीची उपासमारही टळते. आठ-दहा दिवस नेमानं करून बघा. गादीखालची पाकिटं कमी होतील. पाकिटं शोधायला मात्र जाऊ नका. सापडली तरी बोलू नका.

फरसाण आणि बिस्किटं घरात किलोनं भरून ठेवायची पद्धत तेवढी मोडा. कुणाला हवी असतील तेव्हाच आणायची, सगळ्यांनी बसून उघडपणे खायची. वाढदिवसाचा केक, दिवाळीची चकली, लग्नातली जिलेबी त्यानं इतरांसारखीच खावी. त्याच्याकडे रोखून बघायचं नाही. प्यायच्या गोष्टींत मात्र मी जरा कडक आहे. तीनशे मिलीलिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण सात-आठ चमचे साखर असते. आणि दुधात घालायची ती उंची वाढवणारी, ताकद देणारी म्हणून खपणारी माल्टची पावडर तुमच्याकडे असेल तर डब्यामागचा साखरेचा आकडा वाचा. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विकणाऱ्यांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला लावली. साधं दूध चांगलं आहे. पन्हं, कोकम, ताक चांगलं आहे, साखरेचा हात आवरून.

झोपेबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहिलीत, पण ती महत्त्वाची आहे. साडेबाराला झोपून सहाला उठणारा मुलगा साडेपाच तास झोपतो. या वयाला आठ ते दहा तास लागतात. झोप तुटली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि गोड, तळलेलं खावंसं वाटतं. शिवाय जागं राहिलं की खायला संधी मिळते. क्लास आठला सुटतो, मग साडेआठला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, टीव्ही बंद ठेवून. साडेदहाला घरातले सगळे मोबाईल एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचाही. आधी बाबांचा ठेवा, मग त्याचा मागा.

जिमबद्दल यजमानांचा विचार अगदीच टाकाऊ नाही. वजनं उचलल्यानं उंची खुंटते हा गैरसमज आहे. चौदाव्या वर्षी नीट शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली ताकदीचे व्यायाम चालतात, आणि जाड मुलांना ते पळण्यापेक्षा आवडतात, कारण तिथे ती इतरांहून सरस ठरतात. म्हणून मी अशा मुलांना गोळाफेक सुचवते. शाळेच्या मैदानावर जो मुलगा शर्यतीत शेवटचा येतो तो गोळा सगळ्यांत लांब टाकू शकतो, आणि त्या एका दुपारीनंतर तो मैदानावर स्वतःहून जायला लागलेला मी पाहिलाय. पण फॅट बर्नर घरात येऊ देऊ नका. त्यांत बहुतेकदा भरपूर कॅफीन आणि तशीच उत्तेजकं असतात. छाती धडधडते, झोप उडते, मुलांसाठी ती नाहीतच. प्रोटीनसाठी पावडर लागत नाही. डाळी, उसळी, दूध, दही, पनीर, अंडी यांतून ते मिळतं. दिवसाला सरासरी तासभर अंग हलावं, एवढंच जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. सायकलवरून क्लासला जाणं त्यात धरा. रविवारी एखादा गड धरा.

इंजेक्शनांबद्दल. वजनासाठीची ही नवी इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली. परदेशात त्यांतल्या काहींना बारा वर्षांवरच्या मुलांसाठी परवानगी आहे. ती थोतांड नाहीत आणि ती लागणं लाजिरवाणंही नाही. पण तो निर्णय मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञांचा आहे, तोही वजनामुळे आजार जडलेले असतील आणि बाकीचे प्रयत्न नेटानं करून झालेले असतील तेव्हा. औषध थांबवलं की वजन परत चढायला लागतं, हेही त्यांच्याशी बोलून घ्या. मैत्रिणीच्या ओळखीनं मागवायची ही वस्तू नाही.

पत्रात नाही, पण एक विचारते. तो उन्हाळ्यातही शर्टाच्या आत बनियन, वर जॅकेट घालतो का? खांदे पुढे पाडून चालतो का? दप्तर छातीशी धरतो का? वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांची छाती थोडी वाढते. ते संप्रेरकांमुळे होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत उतरतं. जाड मुलात ते जास्त दिसतं. शाळेत याच्यावरून जे चिडवलं जातं ते कुठलाही मुलगा आईला सांगत नाही. म्हणून पोहण्याचा क्लास लावला तर तो का गेला नाही, याचं कारण आळस समजू नका. हे बाबांनी त्याच्याशी बोलावं. "माझंही त्या वयात झालं होतं," असं खरंच झालं असेल तर सांगावं, नसेल झालं तर डॉक्टरांना सांगायला लावावं.

बाबांकडून मला आणखी एक हवंय. रात्री जेवल्यावर वीस मिनिटं त्या दोघांनी बाहेर पडायचं. चालताना वजन, मार्क आणि मोबाईल सोडून काहीही बोलावं, नाहीतर गप्प चालावं. बाबांची साखरही यानं खाली येते, जेवणानंतरचं चालणं त्यासाठी उत्तमच. आणि घरात कुणी त्याला लाडानंसुद्धा पैलवान, ढोल्या असं काही म्हणत असेल तर ते बंद. पाहुण्यांनी म्हटलं तर त्याच्यासमोरच अडवा. "आमच्याकडे वजनावर बोलत नाही," एवढं एक वाक्य पुरे. त्याला ते ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

तुम्हाला वाटेल, आपण बोलणंच बंद केलं तर त्याला वाटेल की चालतंय. नाही वाटणार. त्याला रोज सकाळी पँटचं बटण लावताना कळतं. तुम्ही एकदाच बोला, स्वयंपाकघरात त्याच्याबरोबर काही निवडत, सोलत बसलात की. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं नसलं की पोरं जास्त बोलतात. म्हणा, "वर्षभर मी तुला उपाशी ठेवलं आणि भिंतीवर वजन लिहिलं, ते माझं चुकलं. आता घरातलं सगळ्यांचंच खाणं आपण बदलणार आहोत. डॉक्टरांकडे जाऊ, बाबाही तपासून घेतील." मग थांबा. तो लगेच काही बोलला नाही तरी चालेल. शेंगा सोलत राहा.

लक्ष मात्र ठेवा. जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन ओकारी काढतोय असं वाटलं, चक्कर येतेय, पूर्ण दिवस काही खात नाहीये, एकटा पडलाय, जगण्याबद्दल वाईट बोलतोय, तर खाण्याचा विषय बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शाळेत पीटीच्या सरांना त्याच्या माघारी भेटा. त्याला सगळ्यांसमोर पळायला लावू नका, गोळा हातात द्या, एवढंच सांगा. आणि पुढच्या वर्षीचा गणवेश एप्रिलमध्येच ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्या, माप घरी देऊन. जूनमधली त्या दुकानातली रांग त्याला पुन्हा नको.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात रेनकोट, काटा आणि कॅलेंडर. पुढच्या आठवड्यात डॉक्टर आणि साडेचारचं खाणं. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. वजन कळवलं नाहीत तरी चालेल. डबा रिकामा होऊन येतो का, आणि तो तुमच्याबरोबर बाजारात आला का, ते कळवा.